एकोणीस

"ताई, मी काल एकोणीसपर्यंत मोजलं," धाकटी म्हणाली तेव्हा मी आरशासमोर उभी राहून केसांतला गुंता काढत होते. घरातल्याच एका कार्यक्रमाला पाहुणे जास्त आणि गाद्या कमी, म्हणून कित्येक वर्षांनी आम्ही दोघी बहिणी एका गादीवर झोपलो होतो. रात्री बराच वेळ गप्पा झाल्या. म्हणजे ती बोलत होती आणि मी तिच्या एका वाक्याच्या मध्येच झोपून गेले, हेही तिनेच सकाळी सांगितलं. तिचे डोळे तारवटले होते. नवी जागा, झोप लागली नसेल, असं मी धरून चालले. ती मात्र काही केल्या विषय सोडेना. "तू श्वास घेत नव्हतीस. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. मी हात धरून बघितला. मग मोजायला लागले. एकोणीसला तू कापड फाटल्यासारखा आवाज केलास, कूस बदललीस आणि परत सुरू." मी हसून म्हटलं, अगं, घोरत असेन, वय झालं. ती म्हणाली, "घोरण्याचं कोण बोलतंय? मी घोरणं थांबल्यावरचं सांगतेय."

घोरणं थांबल्यावरचं. हे दोन शब्द कुसळासारखे रुतून बसले.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला भीती वाटलीच नाही. वाटली ती लाज. पुरुष घोरतो तेव्हा त्याचा किस्सा होतो, चारचौघांत रंगवून सांगतात, तोही हसतो. बाई घोरते तेव्हा सगळे एकदम सभ्य होतात. घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, मी घोरते का? तो वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. तीन-चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या खोलीत झोपायला लागला होता. सकाळी लवकर उठावं लागतं, तुझी झोपमोड नको, असं कारण सांगून. मला त्यात त्याचा समजूतदारपणा दिसला होता. आता कळलं की झोपमोड त्याची होत होती. "मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?" "असं कसं सांगायचं बाईमाणसाला?" तो म्हणाला. त्याच्या त्या सभ्यपणाचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं का? नसतंच. या दुखण्याची गंमत ही आहे की ज्याचं दुखणं, तोच तेव्हा तिथे हजर नसतो. साक्ष द्यायची दुसऱ्याने, आणि आरोपी ठामपणे म्हणणार, मी तर झोपले होते.

आमच्या घरात घोरण्याचा मान अप्पांचा होता. त्यांचं घोरणं आमच्या लहानपणाच्या रात्रीचा भागच होतं, पंख्याच्या घरघरीसारखं. मी बाहेरच्या खोलीत आजीजवळ झोपायचे, तिथवर आवाज यायचा. आजी म्हणायची, कुंभकर्ण जागा झालेला परवडला. आई म्हणायची, झोपू दे, दमलेत. दमलेले तर ते कायमच असायचे. वाचता वाचता पुस्तक छातीवर पडायचं. पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या मान लवायची. सिग्नलला स्कूटर उभी असली की मागे बसलेल्या मला त्यांच्या पाठीत बोट खुपसावं लागे, "अप्पा, हिरवा!" आम्ही त्यावर इतके हसायचो. 'पडल्या पडल्या झोप लागणारा सुखी माणूस' ही त्यांची ओळख होती आणि ती कौतुकाची होती. शिवाय अप्पा अंगाने काटकुळे. जाड माणसं घोरतात हे सगळ्यांना ठाऊक, मग यांचं घोरणं म्हणजे नुसतीच गाढ झोप, असा हिशेब पक्का होता. हनुवटी तेवढी त्यांची आत गेलेली, बाजूने काढलेल्या फोटोत ओठांखालून चेहरा सरळ गळ्यातच उतरलेला दिसतो. ती हनुवटी माझ्याकडे आली आहे. धाकटीची आईवर गेली.

डॉक्टरांनी पहिल्यांदा बघितली ती हनुवटीच. मग तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, आणि म्हणाले, पडजीभ दिसतच नाही तुमची. टेप घेऊन गळ्याचा घेर मोजला, तो काही फार भरला नाही. मग त्यांनी समजावलं ते असं. नाकाला हाड आणि कुर्चेचा आधार आहे. खाली श्वासनलिकेला कुर्चेची कडी आहेत. मधला घसा, टाळूच्या मऊ भागापासून स्वरयंत्रापर्यंत, हा मात्र नुसत्या स्नायूंची नळी आहे. जागेपणी हे स्नायू ती ताणून उघडी धरतात. झोप लागली की ते सैल पडतात. ज्याचा रस्ता मुळात रुंद, त्याचं काही बिघडत नाही. ज्याचा अरुंद, त्याच्या घशात हवा फडफडत जाते, तेच घोरणं. त्याहून अरुंद असेल तर जीभ मागे सरकते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि दार बंद. घरी येऊन मी कागदी स्ट्रॉ पाण्यात भिजवली, मऊ होऊ दिली आणि दुसरं टोक जवळजवळ बंद धरून जोरात ओढली. ती चपटी झाली. जितकं जोराने ओढावं तितकी घट्ट चिकटली. छाती ओढतेय आणि हवा येत नाही, हे मी स्वयंपाकघरात उभ्याने, जागेपणी, दोन सेकंद अनुभवलं आणि स्ट्रॉ ओट्यावर टाकून दिली. माणसाचा घसा असा लांब आणि मोकळा का, तर बोलता यावं म्हणून स्वरयंत्र खाली सरकलं, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर माझ्यासारख्या बडबड्या बाईने तक्रार करायला जागा नाही.

तपासणीआधी एक प्रश्नावली भरायची होती. एपवर्थ तिचं नाव, मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी 1991 साली मांडलेली. आठ प्रसंग दिलेले असतात, वाचत बसलात, टीव्ही बघताय, कुणाशी बसून बोलताय, गाडी रहदारीत दोन मिनिटं थांबलीय, तर डुलकी लागण्याची शक्यता किती? शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण चोवीस, दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. मी प्रामाणिकपणे भरली आणि नऊ आले. धाकटीला फोनवर वाचून दाखवली तर ती म्हणाली, खोटारडे, आण इकडे. तिने माझे पंधरा केले. 'बसून बोलताना' या प्रसंगाला मी शून्य दिलं होतं आणि त्या रात्री तिच्याशी बोलतानाच झोपले होते, हे लक्षात आणून दिल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीच्या प्रश्नावर मात्र मी तिलाही खरं सांगितलं नाही. काही महिन्यांपूर्वी दुपारी एकटी गाडी चालवत असताना चाकं रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली आणि त्या आवाजाने मला जाग आली होती. जाग. म्हणजे त्याआधी मी कुठे होते?

झोपेच्या तपासणीची रात्र हा एक विनोदच होता. संध्याकाळी तिथल्या मुलीने डोक्यावर ठिकठिकाणी चिकट मलम लावून तारा बसवल्या, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर तीन, दोन्ही पोटऱ्यांवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकात बारीक नळी. बोटाला चिमटा, त्यात लाल दिवा. मग अत्यंत प्रेमाने म्हणाली, झोपा आता निवांत. त्या लाल उजेडात माझं बोट पारदर्शक दिसत होतं. मला वाटलं, डोळ्याला डोळा लागणार नाही. आणि सकाळी तिने सांगितलं की मी सहा मिनिटांत झोपले होते. अशा जागी सहा मिनिटांत झोपणं हे सुखाचं लक्षण समजू नका, असंही ती म्हणाली.

अहवालात एक आकडा सगळ्यात वर होता, तासाला चौतीस. मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा तेवढा वेळ बराच उथळ झाला आणि त्यापायी रक्तातला ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर ती एक वेळ धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. या दुखण्याचं नाव स्लीप ॲप्निया. सहा तास झोपले असं धरलं तर दोनशेच्या वर वेळा माझा मेंदू धोक्याची घंटा ऐकून उठला होता, घशाचे स्नायू ओढून ताणले होते आणि पुन्हा पडला होता. हे उठणं काही सेकंदांचंच असतं, त्यामुळे सकाळी त्यातलं एकही आठवत नाही. सगळ्यात लांब थांबा अठ्ठेचाळीस सेकंदांचा होता, पहाटे, स्वप्नांच्या झोपेत. त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ लुळे पडतात, त्यामुळे घशाचा उरलासुरला ताणही जातो. अठ्ठेचाळीस हा आकडा वाचून मी घड्याळ समोर ठेवलं आणि श्वास रोखून बघितला. तीस सेकंदांतच कानशिलं उडायला लागली.

मग मागची पाच वर्षं उलगडायला लागली, स्वेटरचा एक धागा ओढावा तशी. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे म्हणून साखर तपासून झाली होती, संसर्ग तपासून झाला होता. आता कळलं की बंद घशाविरुद्ध छाती ओढत राहते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना पाणी सोडायचा निरोप धाडतं. सकाळची डोकेदुखी, ती बहुधा रात्रभर कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडची. रक्तदाबाची दुसरी गोळी वाढली होती, तीही याच घरची पाहुणी असण्याची शक्यता मोठी. आणि थकवा. थकव्याला तर मी 'पाळी जाण्याचं वय' असं लेबल चिकटवून फडताळात ठेवून दिलं होतं. त्यात अगदीच चूक नव्हती, पाळी गेल्यावर बायकांत हे दुखणं वाढतं, कारण श्वासाला हात देणारी संप्रेरकं ओसरतात. पण बाई डॉक्टरकडे जाऊन 'मी घोरते' असं म्हणत नाही. ती म्हणते झोप लागत नाही, उत्साह वाटत नाही, उगाच रडू येतं. मीही तेच म्हणाले होते, आणि एका ठिकाणी मला झोपेची गोळी मिळाली होती. तशा काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, दारूही तेच करते. गोळी देणाऱ्यावर राग धरण्यात अर्थ नाही, मीच अर्धी गोष्ट सांगितली होती. तरी थोडा धरलाच.

उपाय म्हणून मिळालं ते यंत्र. पाण्याच्या डबीसकट एखाद्या जाड पुस्तकाएवढं, त्यातून निघालेली लांब नळी आणि नाकावर बसणारा मास्क. सीपॅप म्हणतात त्याला. हे निघण्याआधी तीव्र दुखण्यावरचा हमखास इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं हा होता. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांना वाटलं की नाकातून थोड्या दाबाने हवा सोडली तर घसा आतून टेकू दिल्यासारखा उघडा राहील, आणि 1981 साली त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव छापला. मला वाटलं होतं यंत्र आपल्यासाठी श्वास घेतं. तसं नाही, श्वास आपणच घ्यायचा, ते फक्त दार धरून उभं राहतं. माझा दाब ठरला नऊ. नऊ म्हणजे काय, तर नऊ सेंटीमीटर पाण्याचा दाब. पुन्हा स्ट्रॉ काढली, या वेळी प्लास्टिकची. पट्टीने मोजून नऊ सेंटीमीटरवर खूण केली, उंच पेल्यात तिथवर बुडवली आणि फुंकली. टोकाशी पहिला बुडबुडा सुटला, तो दाब म्हणजे माझा दाब. लहान मूलही फुंकेल इतका. पेल्यात बुडबुडे काढत मी बराच वेळ उभी होते. दोनशे वेळा उठवणारा तो चोर एवढ्याशा फुंकरीने हटतो, हे काही केल्या पटेना.

पटलं नाही ते शरीरालाही. पहिले दहा दिवस मी मास्क लावून झोपायचे आणि सकाळी तो जमिनीवर सापडायचा. झोपेत कधी काढून फेकला, पत्ता नाही, पुन्हा तेच, मी तिथे हजर नव्हते! एका कडेने हवा सुटायची आणि शीळ घालत थेट डोळ्यात जायची. पोटात हवा भरून सकाळी ढोल व्हायचा. गालांवर पट्ट्यांचे वळ दुपारपर्यंत राहायचे. तो लावून आरशात बघितलं तेव्हा हत्ती दिसला, आणि नवऱ्याने नेमकं त्याच वेळी दारातून डोकावावं! एकदा रागाने यंत्र खोक्यात भरून ठेवलं आणि दुसऱ्या वाटा शोधल्या. वाटा आहेतच. सौम्य असेल तर कुशीवर झोपूनही फरक पडतो, त्यासाठी सदऱ्याच्या पाठीत चेंडू शिवून घेणारे आहेत. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी कवळी दंतवैद्य करून देतात. वजन असेल तर ते उतरवणं हा मोठाच उपाय, अमेरिकेत 2024 च्या शेवटी टिर्झेपेटाइड या वजनाच्या इंजेक्शनला लठ्ठ व्यक्तींमधल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यताही मिळाली. जिभेच्या नसेला झटका देऊन तिला पुढे ढकलणारं, छातीत बसवायचं उपकरण आहे. मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्या की बऱ्याचदा काम होतं. आणि सगळ्यात आवडलं ते हे, 2006 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी पंचवीस जणांवर प्रयोग केला, त्यातल्या चौदा जणांना चार महिने डिजरिडू हे ऑस्ट्रेलियातलं लांब फुंकवाद्य वाजवायला लावलं, आणि त्यांचं दिवसाचं पेंगणं नि जोडीदारांची झोपमोड कमी झाली. नवरा म्हणाला, त्यापेक्षा घोरणं बरं.

मी यंत्राकडे परत गेले. नाकाच्या आतल्या कडेला टेकणारा छोटा मास्क घेतला, दिवसा वाचताना तासभर लावून बसायची सवय केली, हवेत ओलावा वाढवला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डोळे उघडले तर उजाडलं होतं. मधे एकदाही उठले नव्हते. डोक्यात कधीपासूनचा भरलेला कापूस नव्हता. मी तशीच पडून राहिले, आणि मला आनंदाच्या आधी अप्पा आठवले.

अप्पा एकसष्टाव्या वर्षी झोपेत गेले, पहाटे. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, कळलंसुद्धा नाही. मीही ते कित्येकांना तसंच सांगितलं आहे. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं होतं. नंतर कधीतरी वाचलं की एरवी हृदय अचानक बंद पडण्याचे प्रसंग सकाळी उठल्यानंतरच्या काही तासांत जास्त घडतात, पण श्वास थांबण्याचं दुखणं असलेल्यांत ते मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात जास्त घडलेले दिसतात. याने काहीच सिद्ध होत नाही. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान मुलीने करू नये. पण 'सुखी माणूस' म्हणून आम्ही ज्याला हसलो, तो रोज रात्री काय करत होता याची मला आता थोडी कल्पना आहे, आणि ते हसू आठवलं की स्ट्रॉ ओढल्यासारखं काहीतरी होतं. आईला कुणीतरी म्हणालं होतं, आता तरी तुझी शांत झोप होईल. ती म्हणाली होती, "आवाज नसला की जाग येते मला." आम्ही ते विरहाचं बोलणं समजलो. आता आईही नाही.

परवा धाकटी राहायला आली होती. मुद्दाम माझ्याच खोलीत गादी घातली तिने. मी मास्क लावला, दिवा घालवला. यंत्राचा आवाज अगदी बारीक असतो, लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखा. अंधारात कितीतरी वेळ ती जागी असल्याचं कळत होतं. शेवटी मी मास्क बाजूला करून म्हटलं, "झोप गं. आता नाही थांबत." "माहितेय," ती म्हणाली. मग मला ते आठवलं, जे विचारायचं इतके महिने राहून गेलं होतं. माणसाचा श्वास थांबला तर आपण हलवतो, ओरडतो, हाक मारतो. "तू त्या रात्री मोजत का बसलीस?"

"आई मोजायची ना," ती म्हणाली. "तू आजीजवळ असायचीस. मी आईच्या कुशीत. अप्पांचा आवाज थांबला की ती पुटपुटायची, एक, दोन, तीन. मग हात लांब करून त्यांना हलवायची. मला वाटायचं मला झोपवायला मोजतेय. मी आकडे तिथेच शिकले."

"कितीपर्यंत जायची?"

ती जरा वेळ गप्प राहिली.

"मला तेव्हा तीसच्या पुढचे येत नव्हते."